मेणकाकूंची ब्लूबेरी

संग्रहालयाच्या साहेबांनी बशी खिडकीच्या उजेडाकडे धरली. मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे. मग बशी हळूच टेबलावर ठेवून ते म्हणाले, "काकू, काम नेहमीसारखं देखणं आहे. पण ब्लूबेरी निळी असते हो."

"असेल कुणाची," मेणकाकू म्हणाल्या. "माझ्याकडे आली ती निळी नव्हती."

बशीत मूठभर मेणाच्या ब्लूबेरी होत्या. गडद, जवळजवळ काळ्या, खोलवर कुठेतरी तांबूस झाक असलेल्या आणि इतक्या चकचकीत की साहेबांचा चष्मा प्रत्येकीत वेगळा दिसत होता. फळाच्या टोकाला एक बारीक चांदणीसारखा मुकुट असतो. तो काकूंनी प्रत्येकीचा वेगळा कापून बसवला होता, आणि दोन मुकुट सारखे नव्हते. खरी फळं तरी कुठे सारखी असतात, असं त्यांचं म्हणणं.

"नावातच निळं आहे," साहेब म्हणाले. "चित्रांत निळं, दुकानात निळं. तुमच्याकडेच बरी काळी पडली."

"मी चित्रं बघून काम करत नाही साहेब. फळ हातात घेऊन करते."

साहेब स्टुलावर बसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. फक्त वाईट बातमी द्यायची वेळ आली की जागेवरून उठता येऊ नये अशा बेताने बसून घेत. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. वरच्या मजल्यावर नवं दालन होणार होतं, फळांच्या रंगांचं. फळाला रंग कशाने येतो, कोणत्या पक्ष्याला तो कसा दिसतो, वगैरे. दालनाच्या तोंडाशीच ब्लूबेरीची पेटी राहणार होती. संग्रहालयाच्या समितीतल्या काही मंडळींना सगळे नमुने प्लास्टिकचे हवे होते, एकाच कंपनीकडून, एकगठ्ठा. साहेबांनी भांडून काकूंचं नाव पुढे केलं होतं. ही एक बशी समितीला पटली तर सगळं दालन काकूंचं.

"आणि नाही पटली तर?"

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. साच्यांनी भरलेली कपाटं, मेण वितळवायची दुहेरी भांडी, स्पिरिटचा दिवा, पितळी सुऱ्या. "मग मेणाचं काम बंदच करू म्हणतात. खुर्च्या ठेवायला त्यांना खालच्या मजल्यावर जागा हवीच आहे."

काकूंनी ते ऐकलं आणि बशी स्वतःकडे ओढून घेतली. "समितीला किती दिवसांनी बोलावताय?"

"महिनाअखेरीस."

"बोलवा," काकू म्हणाल्या.

या बाईंच्या तोंडून "मला जमणार नाही" हे शब्द कुणी ऐकलेले नव्हते. हा गर्व म्हणावा तर तसाही नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटत नसे. लहानपणी त्या मामांकडे राहायला होत्या. मामा शेतकी शाळांसाठी मेणाची फळं करत. आंबा कीड लागल्यावर कसा दिसतो, सफरचंद कुठून सडायला लागतं, असलं सगळं. मामांच्या दोन्ही मुलांना टर्पेंटाइनच्या वासाने मळमळायचं, आणि भाचीला मात्र तो वास आला की भूक लागायची. "पोरीचं नाक वेगळंच आहे," मामा म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातात सुरी दिली. लग्न झालं तेव्हा सासरच्यांनी विचारलं, मुलीला काय काय येतं? मामांनी खिशातून एक लिंबू काढून त्यांच्यापुढे ठेवलं. सासऱ्यांनी ते नखाने टोकरून पाहिलं, नखात मेण आलं, आणि लग्न ठरलं.

पुढे मामा या संग्रहालयात लागले आणि मदतीला भाचीला घेऊन आले. मामा गेले, खोली भाचीकडे राहिली. ती कधी ताई झाली, कधी काकू झाली, हे कपाटातल्या फळांना विचारायला हवं. एकदा एका पाहुण्याने कुणाचं लक्ष नाही असं बघून नमुन्यातल्या सफरचंदाचा लचका तोडला होता. शिपाई ते दुरुस्त करायला घेऊन आला तर काकूंनी साफ नकार दिला. "याला हात लावायचा नाही. हे माझं प्रशस्तिपत्रक आहे." दातांच्या खुणांसकट ते सफरचंद त्यांनी कपाटात वरच्या फळीवर मांडून ठेवलं. त्यांचे यजमान शिंपी. दुकान मुलीकडे सोपवून घरी बसलेले, पण कात्री हातात घेतल्याशिवाय दिवस न सरणारे. या काकांनी एकदा घरी आणलेल्या मेणाच्या टोमॅटोवर सुरी चालवली आणि वर तक्रार केली की हल्ली टोमॅटोला वासच येत नाही.

या सगळ्या कौतुकामागे एक नियम होता, तो मामांकडून आलेला. मेणकामाचा शेवटचा हात सगळ्यात महत्त्वाचा. साच्यातून फळ निघालं की जोडाची रेघ गरम सुरीने उडवायची, दिव्याची ज्योत वरून अलगद फिरवायची, म्हणजे मेण वरच्यावर वितळून सपाट होतं. मग रेशमी फडक्याने घोटायचं, घोटायचं, आरसा होईपर्यंत घोटायचं. अस्तराचे रेशमी तुकडे काका आणून देत. आणि मेणाचा एक जुना रोग होता. थंडीच्या दिवसांत, बंद कपाटात, जुन्या नमुन्यांवर आपोआप एक पांढुरकी भुकटी धरायची. बाहेरून पडलेली धूळ नव्हे, मेणातूनच वर आलेली. काकू म्हणायच्या, मेण रुसलं. सुट्टीच्या दिवशी संग्रहालय सामसूम असताना त्या एकेक फळ बाहेर काढून तो रुसवा पुसून काढत. इतकी वर्षं त्यांनी ते केलं होतं की हात आपला आपण चालत असे, डोळे खिडकीबाहेर असले तरी.

साहेब गेल्यावर काकू तडक वरच्या मजल्यावर गेल्या. दालनाचा सगळा अभ्यास तिथे बसणाऱ्या एका तरुण बाईकडे होता. वनस्पतींच्या सालींवर तिने डॉक्टरेट केली होती. काकू तिला डॉक्टरीणबाई म्हणत. पहिल्या भेटीत त्यांनी तिला गुडघेदुखीवर औषध विचारलं होतं आणि ती अजून त्यावर हसायची.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही मला काळी फळं पाठवलीत आणि साहेबांना निळी सांगितलीत."

"काळी? अहो काकू, मी स्वतः निवडून पाठवली होती. चांगली टपोरी, निळीशार."

"मग वाटेत बदलली कुणी. शिपायाने खाल्ली असतील आणि दुसरी भरली असतील."

"त्याला ब्लूबेरी आवडत नाही. आंबट लागते म्हणतो."

"म्हणजे खाऊन बघितली तर!"

वाद जिन्यापर्यंत पोचला. शेवटी डॉक्टरीणबाईने दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या फळांचा डबा आणला आणि काकूंच्या टेबलावर त्यांच्यादेखत उघडला. काकूंनी चष्मा लावला. फळं निळी होती. नुसती निळी नव्हे, ढगाळ निळी, धुरकट, आतून उजेड येतोय अशी. काकूंनी डबा खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला. मग, "बरं, आहेत निळी," एवढं म्हणून त्यांनी डब्यातलं एक फळ उचललं, पदराशी खोचलेलं रेशमी फडकं काढलं आणि...

"काकू!" डॉक्टरीणबाई एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेर झाडणाऱ्या माणसाचा झाडू थांबला.

"काय झालं?"

"काय करताय?"

"पुसतेय. साच्यात घालायच्या आधी फळ पुसायचं नाही? वर धूळ असते, पावडर असते. साच्यात सगळं उठतं. पुसायचं, तेलाचा हात लावायचा, मग प्लास्टर."

"आता हातात बघा."

काकूंनी पाहिलं. फडकं फिरवलेली बाजू काळी झाली होती. गडद, तांबूस, चकचकीत. साहेबांपुढच्या बशीत होती तशी, अगदी हुबेहूब. दुसऱ्या बाजूला जिथे अंगठ्याने फळ धरलं होतं तिथे अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. उरलेलं फळ अजून निळं होतं.

त्यांनी फळ उलटसुलट करून पुन्हा पाहिलं. मग हसू लागल्या. मूळचं हसणं मोठं, त्यात खोली लहान. "म्हणजे रंग मीच पुसला! आणि वर मीच भांडायला आले!"

"मला वाटलंच होतं असं काहीतरी," डॉक्टरीणबाई म्हणाली. "या फळाला निळा रंग नसतोच काकू. साल आतून गडद लाल. वर दिसतं ते मेण आहे."

"कसलं का असेना. दिसतं निळं, मी देते निळं. रंगाचा डबा मी काय शोभेला ठेवलाय?"

डॉक्टरीणबाई आणखी काही सांगणार होती, पण काकूंनी भांडं गॅसवर चढवलं होतं. आणि भांडं चढलं की काकूंपुढे साहेबांचंही चालत नसे.

पुढचा आठवडा त्यांनी निळ्याशी झुंजण्यात घालवला. मेणात निळा घोटून पाहिला, वरून कुंचल्याने दिला, निळ्यात पांढरा मिसळला, पांढऱ्यात जांभळा मिसळला. शेवटी एक संच थोडासा मनासारखा झाला तेव्हा तो रुमालात बांधून घरी नेला आणि काकांपुढे ठेवला. काका चहा पीत होते. त्यांनी एक उचलली, उलटसुलट केली.

"छान आहेत," ते म्हणाले. "पावसाळी कोटाला शोभतील."

"काय?"

"बटणं ना?"

काकूंचा तिळपापड झाला. पण त्यांना माहीत होतं की हा माणूस उभ्या आयुष्यात बटणाच्या बाबतीत चुकलेला नाही. ती फळं नव्हतीच. निळं लावलं की निळं बसायचं, जड, मुकं. खऱ्या फळातलं निळं फळावर बसलेलंच नव्हतं, फळाच्या आणि डोळ्याच्या मधे कुठेतरी तरंगत होतं. ते कुंचल्याने कसं द्यायचं?

"जाऊन विचार तिला," काका म्हणाले.

"विचारलंय."

"तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस. मी ओळखतो तुला."

दुसऱ्या दिवशी काकू वरच्या मजल्यावर गेल्या, आणि या वेळी स्टूल ओढून बसल्या. "अगं, सांग बाई आता. सगळं सांग. मधे बोलणार नाही."

मधे त्या बोलल्याच, पण ऐकलंही. डॉक्टरीणबाईने आधी एक ब्लूबेरी पांढऱ्या कागदावर चिरडली. डाग लाल-जांभळा पडला. "यात निळं दिसतंय?" नव्हतं. मग तिने दुसऱ्या फळावरून ब्लेडच्या पाठीने ती धुरकट भुकटी हलक्या हाताने खरवडली आणि काचेवर घेतली. भुकटी पांढरी होती.

"वर पांढरं, खाली तांबडं," काकू म्हणाल्या. "मग निळं राहतं कुठे?"

डॉक्टरीणबाईने एक मोठा फोटो पुढे केला. हे साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, म्हणाली, मोठ्या यंत्रातून काढून आणलंय. फोटोत गवताची गंजी विस्कटून पडावी तशा काड्याच काड्या होत्या, एकमेकींत अडकलेल्या, वेड्यावाकड्या, मधे मधे हवा. "हे फळावरचं मेण. फळाच्या सालीतून वर येतं आणि असं काड्याकाड्यांनी जमतं. या काड्या इतक्या बारीक असतात की प्रकाशातला निळा भाग त्यांच्यावर आपटून मागे फिरतो. बाकीचा प्रकाश आरपार खाली जातो, आणि खालची गडद साल तो गिळून टाकते. तुमच्या डोळ्यापर्यंत येतो तो फक्त मागे फिरलेला निळा. खाली साल पांढरी असती तर तीही सगळा उजेड परत पाठवती आणि निळं त्यात बुडून जातं. पक्ष्यांना तर यात आपल्याला न दिसणारा आणखी एक रंग दिसतो."

"आणि मी पुसलं तेव्हा?"

"गंजी चेपली. मेण थोडं फडक्याला लागलं, थोडं सालीवरच आडवं झालं. काड्या मोडल्या की निळं गेलं."

काकू फोटोकडे बघत राहिल्या. "ही भुकटी माझ्या ओळखीची आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "जुन्या नमुन्यांवर धरते. मी जन्मभर पुसत आलेय."

"ती थोडी वेगळी असेल. पण घराणं तेच."

"आणि हे वेगळं करून परत लावलं तर? परत काड्या होतील?"

डॉक्टरीणबाईने उत्तर देण्याऐवजी खिडक्या उघडल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि काकूंनाही बांधायला लावलं. किडे जपून ठेवण्याच्या कपाटातून तिने क्लोरोफॉर्मची बाटली काढली. एका चंचुपात्रात थोडं ओतलं आणि चिमट्यात एक निळी ब्लूबेरी धरून क्षणभर बुडवून काढली. फळ काळं होऊन बाहेर आलं. चंचुपात्रातला द्रव मात्र पाण्यासारखाच, स्वच्छ. तसंच आणखी एक फळ, आणखी एक, असं बराच वेळ चाललं. मग तिने त्यातले काही थेंब काळ्या कागदावर सोडले.

थेंब पसरले. कागद ओला, काळा. कडेने सुकू लागला, आणि सुकला तसतशी तिथे धुरकट निळी झाक चढत गेली. कागदावर कुणी हलकेच फुंकर मारावी आणि फुंकरीला रंग असावा तशी.

"आई गं," काकू म्हणाल्या. मेणाच्या खोलीत एवढी वर्षं काढलेल्या बाईने मेणाकडे बघून हे म्हणावं, यावरून काय ते समजा.

आता रस्ता दिसत होता. फळ गडद करायचं आणि वर ब्लूबेरीचंच मेण चढवायचं. डॉक्टरीणबाईने फळबाजारातून पिकून गेलेल्या, कुणी न घेतलेल्या ब्लूबेरींची पेटी आणवली. खिडक्या उघड्या ठेवून दोघींनी त्यांचं मेण उतरवलं. काकू पहिली मेणाची ब्लूबेरी त्या द्रावणात बुडवायला निघाल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समितीला जिंकल्याचं हसू आत्ताच उमटलं होतं.

ब्लूबेरी बुडवली. काढली. चिमट्याला एक काळपट गोळा लोंबत होता. मुकुट चंचुपात्राच्या तळाशी.

"अर्थात," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि कपाळाला हात लावला. "जे फळावरचं मेण विरघळवतं ते तुमचंही विरघळवणारच. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"माझ्या यायला हवं होतं. मेण माझं."

डॉक्टरीणबाईने तो गोळा चिमट्यावरून कागदावर उतरवला. मग काकू उठल्या आणि खाली सुताराकडे गेल्या. संग्रहालयाच्या पेट्यांना सुतार लाखेचं पॉलिश देत असे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे काकूंना ठाऊक होतं. क्लोरोफॉर्म तिचं काय करतो ते बघायचं होतं. सुताराच्या डब्यातून कपभर पॉलिश घेऊन त्यांनी त्यात गडद तांबडा रंग घोटला. नव्या ब्लूबेरीवर हात दिला, सुकू दिला, पुन्हा दिला. मेणाच्या अंगावर लाखेची पातळ साल चढली. खऱ्या फळाला साल असते, तशीच. ती बुडवली. काढली. तशीच्या तशी बाहेर आली.

राहिला प्रश्न सुकवायचा. ओलं फळ कशालाही टेकलं तर तिथे काळा डाग पडणार. हा प्रश्न घरी सुटला. काकूंनी तो जेवताना मांडला, आणि काका जेवण अर्धं टाकून उठले ते टाचण्यांची उशी घेऊन आले. शिंप्याची ती गुबगुबीत उशी, टाचण्यांनी भरलेली. "फळाच्या देठाशी टाचणी खुपस, टाचणी उशीत खुपस. कशालाही टेकत नाही."

"अहो, एवढी साधी गोष्ट!"

"साधी असती तर तुला सुचली असती."

आता मुख्य काम. काकूंनी काकांना संग्रहालयात बोलावून घेतलं आणि आपल्या शेजारी बसवलं. पदराशी खोचलेलं रेशमी फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. "हे खिशात ठेवा आणि मी मागितलं तरी देऊ नका."

"मागशील?"

"हात मागेल. मी नाही."

डॉक्टरीणबाई बुडवत होती, काकू टाचणी धरत होत्या, उशीवर ओळ लागत होती. सुरुवातीला काळी ओळ, मग कडेने धूसर होत जाणारी. पहिली ब्लूबेरी पूर्ण सुकली तेव्हा काकूंनी चष्मा वर केला आणि तिच्याकडे पाहिलं. निळी होती. तरंगणारं निळं. वरच्या बाजूला जरा दाट, मुकुटाजवळ विरळ, एका ठिकाणी थोडं उडालेलं. आणि काकूंच्या हाताला ते उडालेलं सहन होईना. मामांनी शिकवलेलं सगळं त्या हातात गोळा झालं. हात कमरेकडे गेला, फडकं नव्हतं. मग तो टेबलावरच्या दिव्याकडे गेला, नुसती एकदा ज्योत फिरवायला.

काकांनी त्या हातावर चापट मारली. लग्नानंतर पहिल्यांदा.

"अहो!"

"तूच म्हणालीस."

"मी फडक्याचं म्हणाले. दिव्याचं नाही."

"मला शिलाईतलं एवढं कळतं, की कापड शिवून झालं की सुई ठेवायची. तुझी ती एक ब्लूबेरी खरी दिसतेय. आता ठेव."

काकूंनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि उरलेल्या ओळीकडे नुसतं बघत बसल्या. सबंध कामातला हा भाग त्यांना सगळ्यात जड गेला, असं त्या पुढे सांगत.

समितीची मंडळी आली तेव्हा साहेबांनी टेबलावर दोन बशा मांडल्या होत्या. एका बशीत कंपनीने पाठवलेली प्लास्टिकची फळं, दुसरीत काकूंची. समितीत एक वयस्कर बाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि कशालाही पटकन हो न म्हणणाऱ्या. प्लास्टिक त्यांनीच सुचवलं होतं. त्यांनी आधी प्लास्टिकचं फळ हातात घेतलं आणि मान हलवली. मग काकूंच्या बशीवर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"निळा कोणता वापरलात?" त्यांनी विचारलं.

"निळा वापरला नाही."

"म्हणजे तुमचं गुपित आहे. नका सांगू."

"गुपित कसलं? खऱ्या फळात निळा रंग नाही आणि माझ्यातही नाही."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डॉक्टरीणबाईकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईने तोंड उघडलं, पण काकूंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी बशीतली एक ब्लूबेरी टाचणीला धरून उचलली. सगळ्यात चांगली. मग सगळ्यांच्या देखत तिच्या एका बाजूवरून अंगठा फिरवला, चांगला दाबून. निळं गेलं. खाली गडद तांबडी, चकचकीत साल उघडी पडली. अर्धी निळी, अर्धी काळी ब्लूबेरी त्यांनी बाईंच्या तळहातावर ठेवली आणि आपला अंगठा वर करून दाखवला. अंगठ्यावर होती ती पांढरी भुकटी, थोडीशी.

"खरं फळ पण असंच करतं," काकू म्हणाल्या. "घरी जाऊन करून बघा."

बाई त्या अर्ध्या ब्लूबेरीकडे खूप वेळ बघत होत्या. मग त्यांनी शेजारचं प्लास्टिकचं फळ उचललं आणि त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. प्लास्टिक जसंच्या तसं निळं राहिलं.

"हे काहीच सांगत नाही," त्या थोड्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "साहेब, माझं मत बदललं. पेटीत ही अर्धी पुसलेली ठेवा, सगळ्यांत पुढे. आणि खुर्च्यांसाठी दुसरी जागा शोधा."

साहेब हसले. त्यांनी समितीला दरवाज्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन स्टुलावर बसले. हे बघून काकूंच्या मनात पाल चुकचुकली. पण साहेबांनी नुसतंच सांगितलं की पेटी काचेने हवाबंद करायची, आणि साफसफाई करणाऱ्यांना बजावायचं की आत फडकं घालायचं नाही.

"ते मी बजावते," काकू म्हणाल्या. "माझ्याइतकं ते कुणी बजावू शकणार नाही."

सगळे गेले. निकाल ऐकायला आलेले काका मात्र कोपऱ्यात बसून राहिले आणि डॉक्टरीणबाईही रेंगाळली. तिच्या हातात एक काडेपेटीएवढी डबी होती. "काकू, दालनात दुसऱ्या पेटीत हे ठेवायचं आहे. साहेब म्हणतात, हे मेणात होणारच नाही, फोटोवर भागवू. मी म्हटलं, आधी विचारून तर बघू."

डबीत एकच वाळकं फळ होतं, मण्याएवढं. पण निळं असं की धातूचं वाटावं. काकूंनी त्यावर अंगठा फिरवला. काही झालं नाही. काकांकडून फडकं परत घेऊन घोटलं. फळ आणखी झळकलं.

"यात मेण नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "सालीच्या पेशींच्या भिंतींतच थर असतात, धाग्यांचे. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा किंचित वळलेला, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखा. शंभर वर्षं वाळून पडलं तरी रंग जात नाही. हे मात्र उतरवून दुसरीकडे चढवता येत नाही हं. खरंच अवघड आहे."

काकूंनी फळ खिडकीपाशी नेलं, फिरवलं, नाकाजवळ धरलं, पुन्हा फिरवलं. निळ्यात मधेच हिरवा ठिपका चमकला, मधेच जांभळा.

"पातळ थर म्हणालीस ना? थरावर थर?"

"हो. पण फार म्हणजे फारच पातळ."

"लाख पातळ होते," काकू म्हणाल्या. "किती होते ते बघावं लागेल. उद्या सकाळी ये, आणि हे फळ इथेच राहू दे. अहो, तुम्ही पण या, येताना उशी आणा. आणि जाता जाता साहेबांना सांग गं, या खिडकीच्या काचेला तडा गेलाय, उजेड फाटका येतो. आता खोली राहतेच आहे, तर काच बदलून द्या म्हणावं."

एवढं बोलून त्यांनी गॅस पेटवला आणि भांडं चढवलं.